बंदूकवाल्या आजीची हळद

शीळफाट्याहून कल्याणच्या वाटेला लागलं की उजव्या हाताला देवखारची कमान लागते. गाव त्या कमानीवरच उरलंय, आत सगळे टॉवर. टॉवरांच्या सावलीत एक तीन मजली बंगला आहे, बाहेरून गुलाबी टाइल्स आणि गच्चीवर सिमेंटचे दोन सिंह. या बंगल्यात पिस्तुलाचं लायसन्स होतं आणि ते ज्या माणसाच्या नावावर होतं ते माणूस म्हणजे हौसाबाई. सत्तरी ओलांडलेली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि मोरलीच्या पात्यावर मासळी चिरण्यापलीकडे जन्मात कुठलंही हत्यार न चालवलेली.

दोन धडधाकट मुलगे घरात असताना पिस्तूल म्हातारीच्या नावावर कसं, असं कुणीही विचारील. कारण साधं होतं. रस्त्यात जमीन जाणार होती, मोबदला येणार होता, आणि तो यायच्या आधीच चुलतभावांनी एकमेकांची डोकी फोडून घेतली. थोरल्या दिपेशवर केस झाली, धाकट्या संदेशवर झाली. पुढे हौसाबाईचा नवरा सहदेव गेला आणि लायसन्स वारसाच्या नावावर करायची वेळ आली, तेव्हा पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी दोघा भावांचे अर्ज परत केले. "घरात बिनकेसचं कुणी आहे का?" असं त्यांनी विचारलं. दिपेशनं डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी आईला रिक्षात घालून घेऊन गेला. सहदेवाच्या वारसांत पोलिसांच्या दप्तरी स्वच्छ असं तेवढंच एक नाव उरलं होतं.

पिस्तूल मात्र खानदानी, निदान तसं सांगायची पद्धत होती. हौसाबाईचे सासरे बाबुराव मिठागरावर मुकादम होते. मिठागराचा शेठ धंदा आटोपून गेला तेव्हा त्यानं आपलं विलायती पिस्तूल बाबुरावांना दिलं आणि आपल्या शब्दावर लायसन्सही करून दिलं. ते दिवस तसे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा माल, काळाभोर, तळहाताएवढा, मुठीवर बारीक नक्षी. बाबुरावांनी त्यातून कधी चिमणी मारली नाही. पण घरात हळद लागली की नवरदेवाच्या किंवा नवरीच्या डोक्यावरून आभाळात एक बार काढायचा हा रिवाज त्यांनी पाडला, आणि सहदेवानं तो इमानेइतबारे चालवला. कायदा तेव्हाही होता, पण गावापर्यंत पोचायला त्याला खाडी ओलांडावी लागायची.

हौसाबाईची लायसन्सबद्दल काहीच तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. निवडणूक लागली की पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, आणि आपल्याकडे निवडणुकांना काय तोटा! हौसाबाई पिस्तूल सहदेवाच्या जुन्या धोतरात गुंडाळायची, भाजीच्या कापडी पिशवीत तळाला ठेवायची, वर मेथीची जुडी टाकायची आणि ठाण्यात जाऊन बसायची. हवालदार ओरडायचे, "आली रे बंदूकवाली आजी!" साहेब उठून खुर्ची द्यायचा. चहा यायचा. घरात तिला खुर्ची कुणी देत नव्हतं. तिची जागा मागच्या दाराशी, धुण्याच्या दगडाजवळ होती, आणि चहा सगळ्यांचा झाल्यावर उरला तर मिळायचा. ठाण्यात मात्र ती लायसन्सदार होती. निवडणूक जाहीर झाल्याची बातमी टीव्हीवर लागली की तिच्या चेहऱ्यावर उगाच तेज यायचं.

दसऱ्याला पिस्तुलाची पूजाही तीच करायची. सहदेवानं जशी केली तशीच, कणभर कमी नाही. ताम्हनात पिस्तूल ठेवायचं, नारळाचं पाणी घालायचं, मग दूध, मग साधं पाणी. पुसायचं, उन्हात ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, वर झेंडूचं फूल, आणि शेवटी सगळीकडून खोबरेल तेल चोळायचं. बाहेरून ते असं झळकायचं की शेजारणी बघायला यायच्या. आत नळीत काय चाललं असेल, हे बघायला त्या घरात कुणी कधी डोळा लावला नव्हता. मिठागरावर फावडी कशी सडतात ते हौसाबाईनं बालपणापासून पाहिलं होतं. पण ते खाऱ्या पाण्यानं. देवाला घातलेल्या दुधानं लोखंड सडतं, असं कुणाच्या मनात तरी कसं यावं?

पिस्तुलाला हळद लावताना तिला कुणी अडवलं नाही, हे इथं ध्यानात ठेवावं. कारण माणसाला लावताना अडवत होते. सहदेव गेल्यापासून घरात लग्न निघालं की हळदीच्या वाटीपासून हौसाबाईनं आपणच दूर व्हायचं, असा अलिखित हुकूम होता. सुवासिनी पुढं, ती मागं. दिपेशच्या पुतण्याच्या हळदीला ती आचाऱ्याजवळ बसून कांदे सोलत होती. सगळ्यांचं असंच असतं, असं म्हणून ती सोलत राहिली. राग येत नव्हता असं नाही, पण तो राग कुठं ठेवावा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग जागृतीचं लग्न ठरलं.

जागृती म्हणजे दिपेशची मुलगी, हौसाबाईची नात. सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा मांजराच्या पिल्लाएवढी होती. डॉक्टरांनीही मान हलवली होती. हौसाबाईनं तिला पायांवर घेतलं आणि रोज तेल चोळून चोळून माणसात आणलं. मिठानं चिरलेले तिचे खरबरीत हात, त्या हातांनी पोरगी धरली. सून प्रमोदिनी तेव्हा भीतीनं पोरीला हात लावत नव्हती, हे तिला आता आठवत नाही. तीच जागृती आता घोडबंदर रोडला मोठ्या ऑफिसात जाते, गळ्यात पट्टा आणि कार्ड. लग्न ठरल्या दिवशी तिनं आजीच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं, "आजी, मला पहिली हळद तूच लावायची. बाकी कोण काय बोलेल ते बोलू दे."

हौसाबाई हसली, नको नको म्हणाली, आणि त्या दिवसापासून दुसरं काही तिच्या डोक्यात राहिलं नाही. धुणं धुताना ती आपल्या उजव्या हाताकडे बघायची. या हातानं पोरीला हळद लागणार. एवढंच तिला हवं होतं, आणि एवढं मागायला तिला सत्तरी ओलांडावी लागली.

प्रमोदिनीनं ऐकलं आणि स्वयंपाकघरात भांडी आपटली. "आई, तुमाला समजत नाय का? उद्या पोरीचं काय वाकडं झालं तर लोक कोनाला बोलतील? मला." तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लोक तिलाच बोलले असते. लोकांना तेवढंच काम असतं.

आता दुसरीकडे दिपेशचं वेगळंच दुखणं चालू होतं. गेल्या वर्षी पुतण्याच्या हळदीला त्यानं रिवाजाप्रमाणे पिस्तूल आभाळाकडे धरलं, घोडा दाबला आणि आतून नुसतं 'चट्' झालं. पुन्हा दाबला, पुन्हा चट्. काडतुसं सहदेवाच्या वेळची, दमट झालेली. डीजेवाल्यानं माइकवरून काहीतरी चावट बोलून घेतलं आणि अख्खा मांडव हसला. ज्या चुलतभावांशी केस चालू होती ते तर खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. दिपेशच्या अंगाचा तिळपापड झाला. एकुलत्या एक मुलीच्या हळदीला असा बार निघाला पाहिजे की डोंबिवलीपर्यंत ऐकू जाईल, असं त्यानं तेव्हाच ठरवलं.

काडतुसं घ्यायला लायसन्सदार लागतो. म्हणून हौसाबाई मुलाबरोबर कल्याणला दुकानात गेली, तीच कापडी पिशवी घेऊन. दुकानदार चष्मेवाला, सावकाश बोलणारा होता. त्यानं पिस्तूल उलटंसुलटं करून बघितलं, वरचा भाग मागं सरकवला, नळीत छोटी बॅटरी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"याला पाणी लागतं का?"

"पानी नाय, दूद," हौसाबाई कौतुकानं म्हणाली. "दर दसऱ्याला आंगोल घालतंय मी. सासऱ्यांपासून हाय."

दुकानदारानं तिच्याकडे बघितलं, मग दिपेशकडे. "आत खड्डे पडलेत," तो म्हणाला. "हे बघा, हे पिस्तूल निघालं तेव्हा काडतूस बेताच्या दाबाचं असायचं. तसं साधं काडतूस आत्ता माझ्याकडे नाही. आलंय ते हे नवं, जास्त दाबाचं. नवी पिस्तुलं सोसतात. याची स्प्रिंग दमलेली, नळी खाल्लेली, याला ते झेपेल असं मी सांगणार नाही. कारागिराकडे ठेवून जा, तपासून घ्या. नाहीतर साधं येईपर्यंत थांबा."

"थांबायला टाइम नाय. येत्या रविवारी हळद आहे," दिपेश म्हणाला.

"मग घरात ठेवा, पूजा करा. उडवू नका."

"काका, आवाज मोठा कशाचा येईल ते सांगा ना."

दुकानदारानं चष्मा पुसला. मग म्हणाला, "आवाज याचाच मोठा," आणि नव्या काडतुसांची डबी काचेवर ठेवली. "पण मी सांगितलंय हां. आजीसमोर सांगितलंय." अशी माणसं जगात फार. धोका आहे हे सांगून झालं की त्यांचं पुण्य पूर्ण होतं, मग तोच धोका बांधून द्यायला ती मोकळी. हौसाबाईनं सही केली. सही करायला ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली होती आणि तिला त्याचा फार अभिमान होता.

घरी येताना ती रिक्षात पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. जुन्या कुकरला नवं झाकण बसवून आच वाढवली तर काय होतं, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी ती दिपेशला म्हणाली, "तो दुकानवाला बोलला ना, जुन्याला झेपाची नाय ही गोली. फुटलं बिटलं तं?"

दिपेशनं मोबाईल पुढं धरला. त्यात एक गोरा माणूस तसल्याच जुन्या पिस्तुलातून धडाधड गोळ्या झाडत होता. "हे बघ. सेम पिस्तूल, हेवी गोळी. झालं काय त्याला?"

हौसाबाईनं बराच वेळ डोळा बारीक करून बघितलं. "त्याच्या पिस्तुलाला कोनी दूद घातलं नसंल," ती म्हणाली.

संदेश फिसकन हसला. दिपेशला हसू आलं नाही. त्यानं तानाजीला बोलावलं. तानाजी म्हणजे रिटायर हवालदार, मूळचा साताऱ्याकडचा, आता समोरच्या टॉवरांना वॉचमन पुरवायचा. पोलिसात तीस वर्षं काढली असं तो दर दोन वाक्यांनी सांगायचा. ती बंदोबस्तात आणि लाठीवर गेली, हे तो सांगत नसे. त्यानं पिस्तूल तळहातावर तोललं, वास घेतला आणि निकाल दिला. "मावशी, बिनघोर राहा. विलायती पोलाद आहे हे. आत्ताच्या मालात असा दम नाय. शंभर टक्के सेफ."

मग त्यानं आणखी एक ज्ञान दिलं. मागं कुठल्याशा गावात हळदीला एका पोरानं बार काढला, व्हिडिओ फिरला आणि पोलिसांनी पोराला उचललं. का उचललं? तर लायसन्स बापाच्या नावावर आणि उडवला पोरानं. "लायसन्सवाल्यानंच उडवला तर केस होत नाय," तानाजी म्हणाला. हे साफ खोटं होतं. आभाळात असा बार काढणं हाच गुन्हा, मग तो कुणीही काढो. पण तानाजी कधीकाळी खाकीत होता, म्हणून त्याचं बोलणं त्या घरात कायदाच झालं. दिपेशच्या डोक्यात प्रकाश पडला. संदेश तर उडीच मारून म्हणाला, "'आजी बार काढते', असं नाव टाकू! व्हिडिओ एक नंबर जाईल, भावा."

हौसाबाई दचकली. "मी? मना नाय येत. आनी ती गोली..."

तेव्हा दिपेश तिच्या शेजारी येऊन बसला. कितीतरी वर्षांनी तो आईच्या शेजारी बसला होता. "आई, तुला जागृतीला हळद लावायची ना? प्रमोदिनीला मी सांगतो, बायकांना पण मी सांगतो. लायसन्स तुझं, घरातली मोठी तू. पहिला मान तुझा. आधी बार काढ, मग खाली ये आणि पहिली हळद लाव. कोन काय बोलतं बघू."

"पन गोली..."

"तुला हळद लावायची का नाय?"

हौसाबाईनं त्यानंतर गोळीचं नाव काढलं नाही. माणसाला जे सगळ्यांत जास्त हवं असतं ते असं समोर धरलं की त्याच्या तोंडाला आपोआप कुलूप लागतं. तिनं रात्री डबी कपाटात ठेवताना एकदा हातात घेतली, पुन्हा ठेवली आणि देवाला नमस्कार केला. बाबुरावांचं पिस्तूल, सहदेवाचं पिस्तूल. ते आपल्याला दगा देणार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

रविवारी दिवेलागणीला मांडव भरला. खाडीची कोळंबी, मटण, डीजे, पिवळ्या साड्या. जागृती पाटावर बसली होती, कपाळाला मुंडावळ्या, आणि सारखी मान वळवून आजीला शोधत होती. तिच्यासमोर पितळी वाटीत ओली हळद ठेवली होती. घरच्या जात्यावर दळलेली, तेलात कालवलेली. हौसाबाई वाटीजवळून गेली तेव्हा तिनं ती फक्त बघितली. पदरात लपवलेला उजवा हात तिनं नव्यानं धुतला होता, नखं काढली होती. एका सुवासिनीनं वाटी जरा अलीकडे ओढली. प्रमोदिनी तोंड फिरवून उभी होती, पण आडवी आली नाही. नवऱ्याचा शब्द होता.

दिपेशनं आईला हाताला धरून स्टेजवर नेलं. डीजे थांबला. माइकवरून कुणीतरी ओरडलं, "बंदूकवाली आजी!" आणि टाळ्या पडल्या. ठाण्यातलं तिचं नाव गावात कसं आलं कोण जाणे. तानाजीनं पिस्तूल तिच्या मुठीत बसवलं. ते जड होतं आणि खोबरेलाचा ओळखीचा वास येत होता. "वर धरा मावशी, आणि बोट दाबा. बास."

तिनं डोळे मिटले आणि दाबलं.

असा आवाज देवखारनं ऐकला नव्हता. टॉवरांच्या भिंतींवर आपटून तो परत आला, कुत्री भुंकायला लागली, लहान पोरं रडायला लागली. मांडव क्षणभर सुन्न झाला आणि मग शिट्ट्या, आरोळ्या. हौसाबाईचा हात कोपरापर्यंत झिणझिणत होता, पण हात शाबूत होता. तिनं डोळे उघडले आणि ती चक्क हसली. तानाजीनं छाती फुगवली. "सांगितलं होतं ना? विलायती!" चुलतभाऊ खुर्चीत गप्प बसले होते आणि दिपेश त्यांच्याकडेच बघत होता. गोळी चालते की नाही याचा निकाल लागला असंच सगळ्यांना वाटलं. एकदा निभावलं म्हणजे नेहमी निभावेल, हा हिशेब आपल्या लोकांना फार आवडतो. त्या पहिल्या बारानं नळीच्या बुडाशी काय केलं होतं, ते बघायला कुणी गेलं नाही.

हौसाबाई पिस्तूल परत देऊन पायऱ्या उतरायला लागली. तिला वाटीकडे जायचं होतं. जागृतीनं पाटावरून हात पुढं केला होता.

"थांब थांब थांब!" संदेश खालून ओरडला. "बटन दाबलंच गेलं नव्हतं रे! आई, अजून एक!"

"पुरे आता," हौसाबाई म्हणाली. "झाला ना बार."

"एकच ग, आई. व्हिडिओच नाय आला तर काय उपयोग?" दिपेशनं तिला खांद्याला धरून वळवलं. "लगेच हळद."

तिनं एकदा नातीकडे बघितलं, पिस्तूल घेतलं आणि वर धरलं. या वेळी डोळे उघडे ठेवले, मोबाईलमध्ये बरं दिसावं म्हणून.

दुसरा आवाज पहिल्याएवढा मोठा नव्हता. काडतूस नळीच्या बुडाशीच फाटलं आणि सगळी आग मागं आली. मुठीवरच्या नक्षीच्या पट्ट्या उडाल्या, वरचं पोलाद मधोमध तडकलं. हौसाबाई ओरडली नाही. ती खाली बसली आणि आपल्या हाताकडे कुणा दुसऱ्याचा असावा तसं बघत राहिली. अंगठ्याच्या जागी काय आहे ते तिला समजेना. रक्त पिवळ्या साडीवरून स्टेजच्या गालिच्यावर सांडत होतं.

जागृती किंचाळत उठली, तिला बायकांनी धरून ठेवलं. हळदीला बसलेल्या नवरीनं पाट सोडायचा नसतो. पुरुष एकमेकांकडे बघत उभे होते, तानाजी मांडवाच्या मागच्या बाजूला दिसेनासा झाला. हलली ती एकटी प्रमोदिनी. कापलं, भाजलं, खरचटलं की आपल्या घरातली बाई पहिली जे करते तेच तिनं केलं. हात लांब करून समोरची वाटी उचलली, स्टेजवर धावली आणि अख्खी हळद सासूच्या हातावर ओतून वरून दोन्ही हातांनी दाबून धरली. "आई, दाबून धरा, दाबून धरा," ती रडत म्हणत होती. तिचं रडणं खरं होतं.

ज्या हळदीला त्या हातानं शिवायचं नव्हतं, ती सगळीच्या सगळी त्या हाताला लागली. बोटांच्या सांध्यांतून, मनगटावरून, कोपरापर्यंत. हौसाबाईनं मान वर करून प्रमोदिनीकडे बघितलं. तिला हसायचं होतं की काय, पण ओठ हलले नाहीत.

तिला गाडीत घातलं तेव्हा एक वयस्क बाई प्रमोदिनीला हळू आवाजात म्हणाली, "आता ही वाटी चालाची नाय. नवी हलद दला." प्रमोदिनीनं डोळे पुसले आणि मान हलवली. गाडी कमानीतून बाहेर पडेपर्यंत जातं फिरायला लागलं होतं. पाहुणे जेवल्याशिवाय कसे जाणार? आणि मुहूर्त काय कुणासाठी थांबतो?

कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टर आधी हळदीवरच चिडले. जखमेत काय भरलंय हे, म्हणाले. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. नेहमी खुर्ची देणारा साहेबच आला होता. या वेळी तो उभा होता आणि हौसाबाई आडवी. दिपेशनं आधीच कानात सांगून ठेवलं होतं की साफ करताना उडालं म्हण, जागृतीचं लग्न आहे, घरात पुन्हा केस नको. पण व्हिडिओ सगळ्या गावाच्या मोबाईलवर होता. दुसरा बार त्यात फार स्वच्छ आला होता.

"आजी, ही गोळी या पिस्तुलाला चालणार नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?" साहेबानं विचारलं.

"सांगितलं होतं," हौसाबाई म्हणाली.

"मग उडवायला कुणी लावली?"

दिपेश खाटेच्या पायाशी उभा होता. त्यानं खाली बघितलं. हौसाबाईनं त्याच्याकडे बघितलं. याला पण तिनंच तेल चोळून मोठा केला होता.

"लायसन मायं," ती म्हणाली. "गोली मायी. हात पन मायाच."

साहेबानं लिहून घेतलं. सही करता येईना, म्हणून तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली. वारसांतलं शेवटचं स्वच्छ नाव असं पोलिसांच्या दप्तरी गेलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये संदेश भावाला विचारत होता की पिस्तूल तर जप्त झालं, पण लायसन्स रद्द होणार का, आणि झालं तर नवं कुणाच्या नावावर मिळेल. दार अर्धवट उघडं होतं, आवाज सगळा आत येत होता.

दुपारी जागृतीचा व्हिडिओ कॉल आला. हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नाही, म्हणून ती येऊ शकत नव्हती. तोंड पिवळं धमक आणि डोळे सुजलेले. "आजी," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. पहिली हळद कुणी लावली हे हौसाबाईनं विचारलं नाही. "बरी दिसतंस गो," ती म्हणाली. "रडू नको, हलद उतरंल."

संध्याकाळी नर्स पट्टी बदलायला आली. तरुण मुलगी, डोंबिवलीची. तिनं पट्टी सोडली, बोळ्यानं हात पुसला, पुन्हा पुसला. मनगटाच्या सुरकुत्यांत, उरलेल्या तीन बोटांच्या नखांत पिवळं तसंच होतं.

"आजी, ही हळद काही निघत नाहीये हो."

"ऱ्हाऊदे ना बाय," हौसाबाई म्हणाली. "नातीची हाय."

नर्सनं मान हलवली, समजल्यासारखी हसली. मग तिनं बाटलीचं झाकण उघडलं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून एकेक नख धरून सगळं पिवळं पुसून काढलं.